कारागृहातील आजारी बंद्याचा उपचाराचा हक्क : कुटुंबाने काय मागावे आणि कोणाकडे

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे त्रेसष्ट वर्षांचे वडील काही महिन्यांपासून राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांना मधुमेह असून ते इन्सुलिनवर आहेत, आणि अटकेच्या थोडेच दिवस आधी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मुलाखतीच्या वेळी ते सांगतात की, गोळ्या कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. बाहेरच्या रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन तारखा पोलीस गार्द न आल्यामुळे हुकल्या. कैद्याला उपचाराचा हक्क नेमका किती असतो, आणि तक्रार केल्यास वडिलांना आत त्रास होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

कारागृह रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि आता विधी सेवा शिबिरांतून बंद्यांच्या कुटुंबांना भेटत असतो. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

हक्क पूर्ण असतो. कारागृहात गेल्यामुळे माणूस हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य गमावतो, जगण्याचा हक्क गमावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणात आणि त्यानंतर अनेकदा हे स्पष्ट केले आहे. त्याही आधी, साठच्या दशकात, मुंबईच्या तुरुंगातील एका स्थानबद्धाने मराठीत लिहिलेले विज्ञानाचे पुस्तक प्रकाशनासाठी बाहेर पाठवू न देण्याचा राज्य सरकारचा निर्णय याच न्यायालयाने अमान्य केला होता, कारण कायद्यात नसलेला निर्बंध बंद्यावर लादता येत नाही. उपचारांच्या बाबतीत तर शासनाची जबाबदारी अधिकच वाढते. बाहेरचा माणूस एका दवाखान्यात दाद न मिळाल्यास दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो; बंद्याला डॉक्टर निवडता येत नाही, औषधाचे दुकान गाठता येत नाही, उशीर झाला तर रिक्षाही करता येत नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील चोविसावा नियम सांगतो की, समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाचीच आरोग्यसेवा बंद्यांना मिळाली पाहिजे आणि तीही विनामूल्य.

मग अडते कुठे? अडचण केवळ औषधांच्या तुटवड्याची आहे, असे बाहेरच्या लोकांना वाटते. माझे निरीक्षण वेगळे आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टर घेतो, परंतु तो अमलात येण्याआधी डॉक्टर नसलेल्या चार-पाच जणांच्या हातांतून जातो, आणि त्यांपैकी कोणीही लेखी नकार न देता तो थांबवू शकतो. एखाद्या बंद्याच्या छातीत रात्री अकरा वाजता दुखू लागले, तर काय घडते ते पाहा. बराक संध्याकाळीच कुलूपबंद झालेली असते. आतील बंदी गजांवर थाळ्या आपटून रात्रपहाऱ्यावरील शिपायाला बोलावतात. बराकीची किल्ली त्याच्याकडे नसते, म्हणून तो रात्रपाळीच्या तुरुंग अधिकाऱ्याला कळवतो. अधिकारी आल्यानंतर कुलूप उघडते आणि बंद्याला कारागृह रुग्णालयात आणले जाते. तेथे त्या वेळी बहुधा एखादा परिचारक किंवा औषधनिर्माता असतो, क्वचित तोही नसतो. डॉक्टरला फोन होतो, तो बाहेरच्या रुग्णालयात हलवण्यास सांगतो, आणि मग गार्दची वाट पाहणे सुरू होते. हृदयविकारात पहिला तास निर्णायक असतो. तो तास अनेकदा बराक आणि मुख्य दरवाजा यांच्या दरम्यानच संपतो, आणि यात कोणा एकाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही.

गार्दचा प्रश्न तुमच्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगतो. बंद्याला न्यायालयात किंवा रुग्णालयात नेणारे पोलीस कारागृहाचे नसतात. ते जिल्हा पोलीस मुख्यालयाकडून किंवा आयुक्तालयाकडून येतात. अधीक्षक मागणीपत्र पाठवतात आणि मुख्यालय उपलब्धतेनुसार माणसे देते. गणेशोत्सव, निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे असे बंदोबस्त लागले की गार्द आटते. जी मिळते ती आधी न्यायालयाच्या तारखांना वापरली जाते, कारण न्यायालय गैरहजेरीचा जाब विचारते. हृदयरोगतज्ज्ञ विचारत नाही. दूरदृश्य प्रणालीमुळे न्यायालयातील फेऱ्या काही प्रमाणात कमी झाल्या आहेत, परंतु वाचलेली माणसे रुग्णालयासाठी राखून ठेवावीत असा आग्रह कोणी धरत नाही. दूरवैद्यकीय सल्ल्याने तज्ज्ञांचे मत मिळते. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा डायलिसिस त्यावर होत नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षे आपली कारागृहे ज्या १८९४ च्या तुरुंग कायद्यावर चालली, त्याच्या तेराव्या कलमात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तुरुंगाच्या आरोग्यव्यवस्थेचा कार्यभार दिलेला आहे, पण तो ‘अधीक्षकाच्या नियंत्रणाच्या अधीन राहून’. मंडेला नियमांपैकी सत्ताविसावा नियम याच्या नेमका उलट आहे : वैद्यकीय निर्णय पात्र आरोग्य व्यावसायिकांनीच घ्यावेत आणि तुरुंगातील वैद्यकीयेतर कर्मचाऱ्यांनी ते फिरवू नयेत वा दुर्लक्षू नयेत. नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये आणि इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातील आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवली, ती याच विचाराने. डॉक्टरची नेमणूक कोणत्या विभागाने केली याला माझ्या मते दुय्यम महत्त्व आहे. त्याचा ‘हलवा’ हा आदेश न पाळल्यास त्याची लेखी कारणे कोणाला द्यावी लागतात, यावर सगळे अवलंबून आहे.

आणि हे कारण नोंदवण्याची तरतूद त्या जुन्या कायद्यातच आहे. अडतिसाव्या कलमानुसार वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्याबाबत दिलेल्या सूचना त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे प्रत्येक बंद्याच्या स्वतंत्र नोंदपत्रिकेवर, दररोज नोंदवायच्या असतात, आणि प्रत्येक सूचनेसमोर ती पाळली गेली की नाही, हे तुरुंगाधिकाऱ्याने तारखेसह लिहायचे असते. तुमच्या वडिलांच्या दोन तारखा हुकल्या असतील, तर त्या दोन्ही नोंदी कागदावर असल्या पाहिजेत. नसतील, तर ती स्वतंत्र त्रुटी आहे. न्यायालयापुढे ‘उपचार मिळत नाहीत’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या वैद्यकीय सूचनेची अंमलबजावणी झाल्याची नोंद दाखवावी’ ही मागणी कितीतरी अधिक परिणामकारक ठरते.

आता वडिलांच्या आजाराविषयी. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरे औषध अशी जोडी सहसा सहा महिने ते वर्षभर अखंड घ्यावी लागते. ती मध्येच बंद झाल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन तीव्र झटका येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकणे आणि ही गोळी चार दिवस न मिळणे या सारख्या गोष्टी नाहीत, आणि हे औषधवाटप करणाऱ्याला ठाऊक असेलच असे गृहीत धरू नका. आत गोळ्या पुष्कळदा पाकीट फोडून सुट्या दिल्या जातात, कारण बंद्याने साठवून एकदम घेऊ नयेत अशी काळजी असते. ती काळजी रास्त आहे. पण सुट्या गोळीवर नाव नसते, त्यामुळे कोणती गोळी बंद झाली हे ना बंद्याला सांगता येते, ना पुढच्या डॉक्टरला कळते.

इन्सुलिनचा प्रश्न जेवणाच्या वेळेशी जोडलेला आहे. कारागृहात रात्रीचे जेवण दिवस मावळण्याआधीच दिले जाते, त्यानंतर कुलूपबंदी होते आणि पुढचे खाणे थेट सकाळी मिळते. मिश्र इन्सुलिनचा डोस त्या जेवणाआधी दिला, तर त्याचा जोर रात्रीच्या पूर्वार्धात असतो. त्या वेळी पोटात काही नसल्यास साखर उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बाहेर हे पाहून घरचे चमचाभर साखर देतात. बराकीत त्याला ‘नाटक’ म्हटले जाण्याची शक्यता असते. यावर उपाय साधा आहे : बंद्याला रात्री जवळ बिस्किटे, साखर किंवा गूळ ठेवण्याची परवानगी वैद्यकीय अधिकाऱ्याने हिस्टरी तिकिटावर लिहून द्यावी, आणि डोस कारागृहाच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलून घ्यावा. बाहेरच्या तज्ज्ञाला हे वेळापत्रक माहीत नसते, म्हणून ते त्यांना तुम्हीच सांगा. इन्सुलिन शीतकपाटात राहते का, याचीही चौकशी करा. विदर्भातील उन्हाळ्यात बराकीत ठेवलेली कुपी निकामी होण्यास वेळ लागत नाही.

ज्यांचे नातलग आज-उद्या आत जाणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक वाटते. कारागृहातील पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो. दररोज मद्यपान करणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे अचानक तुटते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, प्रचंड थरथर सुरू होऊ शकते. ही प्राणघातक अवस्था आहे आणि वेळीच योग्य औषधे व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मिळाल्यास ती टाळता येते. बेशिस्त म्हणून स्वतंत्र कोठडीत टाकलेला असा रुग्ण मरू शकतो. प्रवेशाच्या वेळची वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, ती यासाठीच. त्या तपासणीत वजन व जुने व्रण लिहून काम भागत नाही. रोजची औषधे, व्यसन, आत्महत्येचे विचार आणि अंगावरील ताज्या जखमा यांची नोंद झालीच पाहिजे. जखमांची नोंद पोलीस कोठडीतील मारहाणीचा पुरावा ठरते, आणि म्हणूनच ती टाळण्याचा मोह होतो.

गर्दीचा परिणाम या सगळ्यावर होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता अनेक वर्षे ८०४ होती आणि तेथे अनेकदा त्याच्या तिप्पट-चौपट माणसे ठेवली गेली आहेत. जेथे कुशीवर वळण्याइतकीही जागा नसते, तेथे खरूज एकाची राहत नाही, संपूर्ण बराकीची होते. एकट्याला मलम देणे व्यर्थ असते, सर्वांना एकाच दिवशी औषध आणि सर्वांचे कपडे-कांबळी गरम पाण्यातून काढणे हाच उपाय असतो. क्षयरोगाचेही तसेच आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासणे, आणि सुटकेच्या दिवशी त्याच्या हातात पुढील उपचार केंद्राची चिठ्ठी व काही दिवसांची औषधे देणे, एवढे नियमाने झाले तरी पुष्कळ साधेल. जामीन अचानक मिळतो, बंदी रात्री बाहेर पडतो आणि उपचार तेथेच तुटतो, हे मी वारंवार पाहिले आहे. त्याचा जंतुसंसर्ग मग त्याच्या घरी, वस्तीत पोहोचतो.

स्त्री बंद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणात गर्भवती स्त्रियांची तपासणी, शक्यतो कारागृहाबाहेर प्रसूती आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार-आरोग्य यांविषयी तपशीलवार निर्देश दिलेले आहेत. ते निर्देश चांगले आहेत. त्यांची अंमलबजावणी मात्र स्त्री डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येते यावर अडून राहते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. शासकीय रुग्णालयांमधील कैदी वॉर्डातील खाटा मोजक्या असतात आणि त्या आजाराच्या तीव्रतेनुसारच भरतात असे नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन्‌महिने दाखल असलेला अमली पदार्थ प्रकरणातील एक आरोपी पळून गेला, तेव्हा हा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतेक सुरक्षेचीच. त्या खाटेवर त्या काळात ज्याला झोपवायला हवे होते, त्या गरीब बंद्याचा विचार फारसा झाला नाही. उलट अशा प्रत्येक प्रकरणानंतर बंद्यांना बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याचे नियम कडक होतात आणि खरोखर आजारी असलेल्याचीच वाट अडते.

रुग्णालयात पोहोचल्यावरही हक्क संपत नाहीत. तपासणी गोपनीय असावी असे मंडेला नियम सांगतात. म्हणजे पोलिसाने नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर थांबावे. पोलीस शेजारी उभा असताना बंद्याला ‘हे कसे लागले’ असे विचारले, तर ‘घसरून पडलो’ हेच उत्तर मिळते. आजारी बंद्यांना गुवाहाटीच्या रुग्णालयात खाटेला बेड्यांनी जखडून ठेवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती कृती अमानवी आणि कायदाबाह्य ठरवली होती. आजही तसे दृश्य दिसल्यास तेथील डॉक्टरने हरकत नोंदवायला हवी.

वृद्ध आणि अपंग बंद्यांच्या बाबतीत प्रश्न औषधांच्याही पलीकडे जातो. एल्गार परिषद खटल्यातील आरोपी म्हणून तळोजा कारागृहात असलेल्या फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नव्हता, आणि नळीच्या पेल्यासारख्या साध्या वस्तूचा प्रश्न २०२० च्या अखेरीस न्यायालयापर्यंत गेला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना खासगी रुग्णालयात हलवले गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामीन न मिळताच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो. पाणी पिण्याच्या साधनासाठी अर्ज करावा लागणे हे कोणत्याही आरोपाचे उत्तर असू शकत नाही. त्याच खटल्यातील कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला, तो त्यांची प्रकृती आणि कारागृह रुग्णालयातील सोयी यांचा विचार करून. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या जामीनविषयक कलमात आजारपणाचा अपवाद लिहिलेला नसतानाही घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदावर तो निर्णय उभा राहिला, हे त्याचे महत्त्व आहे.

तुमच्या वडिलांच्या संदर्भात पाहता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमात गंभीर गुन्ह्यांतही आरोपी आजारी किंवा अशक्त असल्यास जामिनाचा विचार करता येतो. मात्र ‘मधुमेह आहे’ एवढ्याने न्यायालयाचे समाधान होत नाही. हवा तो उपचार कारागृहात आणि पोलीस बंदोबस्तातील रुग्णालयात मिळू शकत नाही किंवा मिळालेला नाही, हे दाखवावे लागते. म्हणून हुकलेल्या तारखांच्या नोंदी जामिनाच्या अर्जालाही उपयोगी पडतात.

व्यवहारात पुढीलप्रमाणे करा. अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी आणि औषधांची मूळ नावे व डोस यांचा एक पानी तक्ता तयार करून त्याच्या प्रती कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि अधीक्षकांना द्या. दोन्हींवर आवक क्रमांकासह पोच घ्या. बाहेरून औषधे देण्याची परवानगी वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फतच मागा, परस्पर पाठवू नका. त्यानंतर वकिलामार्फत, ज्या न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली आहे त्याच न्यायालयात अर्ज करा, कारण तुमचे वडील त्या न्यायालयाच्या आदेशानेच आत आहेत. अर्जात तीन मागण्या असाव्यात : हिस्टरी तिकीट व वैद्यकीय नोंदी मागवाव्यात, शासकीय रुग्णालयातील हृदयरोग विभागाकडून ठरावीक तारखेपर्यंत तपासणी व्हावी, आणि त्यासाठी गार्द पुरवण्याचा निर्देश थेट पोलीस मुख्यालयाला द्यावा. तिसरी मागणी विसरू नका. केवळ अधीक्षकांना आदेश झाला, तर ते ‘मागणीपत्र पाठवले होते’ एवढेच सांगू शकतात. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद त्या कायद्याच्या सातव्या कलमात आहे. अर्जाच्या माथ्यावर ते कलम ठळक लिहा आणि वडिलांचे संमतीपत्र जोडा, नाहीतर त्रयस्थाची वैद्यकीय माहिती म्हणून नकार येईल.

तक्रारीमुळे त्रास होईल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, ती शक्यता नाकारता येत नाही. अर्जात व्यक्तींवर आरोप न करता घटना, तारीख आणि वैद्यकीय गरज एवढेच लिहिल्यास ती पुष्कळ कमी होते. न्यायालयाचा आदेश बहुतेक अधीक्षकांना नकोसा नसतो, कारण तो दाखवून त्यांना गार्द मिळवता येते. परंतु धमकी, मारहाण किंवा बराक बदलून छळ झालाच, तर तो पुढच्याच तारखेला न्यायाधीशांसमोर तोंडी सांगावा आणि नोंदवून घेण्याची विनंती करावी. हजेरी दूरदृश्य प्रणालीने असेल, तर वकिलाने प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी आधीच करावी, कारण कारागृहाच्या खोलीतून कॅमेऱ्यासमोर बंदी मोकळेपणाने बोलत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो, मात्र तो मार्ग संथ आहे; हृदयाच्या आजारात त्यावर विसंबू नये.

मृत्यूंविषयी लिहिणे तुम्हाला क्लेशदायक वाटेल, तरी ते वगळणे योग्य होणार नाही. २०२२ मध्ये देशातील कारागृहांत १,९९५ बंदी मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदले गेले. आजाराने आलेला मृत्यू नैसर्गिक, ही विभागणी आकडेवारीसाठी सोयीची असेल. पण इन्सुलिन न मिळाल्याने, दोन तास गार्दची वाट पाहिल्याने किंवा खोकल्याकडे तीन महिने दुर्लक्ष झाल्याने आलेला मृत्यूही त्याच रकान्यात जातो. न्यायालयीन कोठडीतील मृत्यूची २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला खबर देणे अपेक्षित आहे, आणि अशा मृत्यूंच्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूद कायद्यात आहे. त्या चौकशीत शवविच्छेदनापुरतेच प्रश्न विचारले जातात, असा माझा अनुभव आहे. लक्षण प्रथम कोणाला सांगितले, कुलूप किती वाजता उघडले, डॉक्टरने किती वाजता पाहिले, गार्दची मागणी आणि गार्दचे आगमन यांच्या वेळा कोणत्या, वाहन दरवाजातून कधी बाहेर पडले, हे पाच प्रश्न प्रत्येक चौकशीत बंधनकारक करावेत, अशी मागणी मी संबंधितांकडे सातत्याने करत आलो आहे. मुख्य दरवाजावरील नोंदवहीत आणि पोलीस मुख्यालयाच्या दैनंदिनीत या वेळांपैकी बहुतेक आधीच लिहिलेल्या असतात. त्या मागवाव्या लागतात इतकेच.

अर्ज देताना वडिलांना एक गोष्ट अवश्य सांगून ठेवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि दम यांपैकी काहीही झाल्यास त्यांनी सकाळपर्यंत थांबू नये, शेजारच्या बंद्यांना लगेच उठवावे आणि शिपायाला ‘स्टेंट बसवलेला आहे’ हे शब्द सांगावेत. मधुमेह असलेल्यांना कधीकधी झटक्यातही छातीत फारसे दुखत नाही, नुसता दम लागतो. त्यांच्या बराकीतील दोघा-तिघांना हे आधीच ठाऊक असू द्या.